तिले सांगू द्या

किसन मिस्त्री कुठल्याही गाडीजवळ आले की पहिल्यांदा सगळ्यांना चूप करायचे. मग कमरेला खोचलेला लांब पेचकस काढायचे, त्याचं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, अगदी तसं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी हसायला लागले की थांबत नाही आणि बोलायला लागले की मुळीच थांबत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आता वीस वर्षांची आहे, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. टायपिंगच्या क्लासात सगळ्यात जास्त वेगात माझी बोटं चालायची, म्हणून वर्ध्याच्या एका डॉक्टरबाईंनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. पत्रं, औषधांच्या ऑर्डरी, सगळं माझ्याकडे. बाई बाळंतपणांसाठी गावोगाव जायच्या, आधी मिळेल त्या बैलगाडीने, आणि मग त्यांनी नागपूरच्या मोठ्या शोरूममधून एक वापरलेली मोटार घेतली. नव्या गाड्यांची मुख्य एजन्सी होती ती. तिथून घेतलेली गाडी जुनी असली तरी पारखून दिलेली असणार, असं बाईंना वाटलं. त्या स्वतःच चालवायच्या. आणि गाडी इतकी शांत, इतकी शांत, की बाई म्हणायच्या, "शकू, हिच्यात फक्त तुझाच आवाज ऐकू येतो."

दोन महिन्यांनी एका रविवारी केळझरला बाळंतपण उरकून आम्ही परत निघालो आणि गणपतीच्या टेकडीखालीच गाडी अडली. मागून जळका वास यायला लागला. बाईंनी उतरून पाहिलं, मी उतरून पाहिलं, गोळा झालेल्या लोकांनी वाकून पाहिलं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "किसनाले बलवा. आज इतवार हाय, घरीच असन."

ते आले. पंचेचाळिशीचे, बुटके, खाकी हाफपँट, कानांवर भरपूर केस. त्यांनी मागचा भाग जॅकवर उचलला आणि मला म्हणाले, "ताई, चाक फिरवा." मी फिरवायला लागले आणि बोलायलाही लागले. गाडी कधी घेतली, कुठून घेतली, किती शांत आहे, परवा सेलूच्या पुढे बैल कसा आडवा आला. मिस्त्रींनी कानाची मूठ काढली नाही, डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "ताई, हळू. आधी तिले सांगू द्या."

मग बराच वेळ ऐकून म्हणाले, "इतकी चूप गाडी असते काय? ही चूप नाई. हिच्या तोंडात बोळा कोंबला कोनं तरी."

मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, त्यात दाते असतात आणि तेल असतं. त्याची चकती त्यांनी खोलली तर आतून काळा लगदा निघाला. त्यांनी तो तळहातावर घेऊन चोळला, वास घेतला, बाईंपुढे हात धरला. तेलात कालवलेला लाकडाचा भुसा. दाते झिजले की घरघर करतात, मग भुसा भरायचा. विकेपर्यंत आवाज दाबला जातो आणि पुढे कधीतरी चाक जागच्या जागी धरून बसतं. "हिंगणीच्या जंगलात अडली असती तं काय केलं असतं, बाई?"

बाईंचा चेहरा उतरला. मिस्त्री पुन्हा भुसा हुंगून म्हणाले, "सागाचा हाय. आमच्याकडं ट्रकाच्या बॉड्या बनते, तिथलाच."

"आमच्याकडं म्हणजे?" बाईंनी विचारलं.

तेव्हा कळलं की ते त्याच शोरूमच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. सोळा वर्षं. फक्त रविवारी केळझरला यायचे. बोलून गेल्यावर मात्र ते एकदम थांबले. हात पुसले. "कोनं भरला ते मले मालूम हाय. पण बाई, म्या तुमाले काई सांगतलं नाई. माह्यं नाव नको. पोरगी तिथं शाळेत हाय, खोली बी कंपनीची हाय." बाई म्हणाल्या, "नाही हो, मुळीच नाही." मीही जोरजोरात मान हलवली. माझी मान अजून आठवते मला.

बैल लावून गाडी वर्ध्याला आणायची सोय त्यांनीच केली. जाताना मला विचारलं, "ताई, टाइप शिकाले किती दिवस लागते? माह्या कमलले शिकवाचं हाय. तुमच्यावानी खुर्चीवर बसून काम करन." मी म्हटलं, सहा महिने, फार तर आठ. आणि मग अर्धा तास टायपिंग कसं असतं ते सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकलं, डोळे मिटून.

बाईंनी शोरूमला पत्र सांगितलं, मी टाइप केलं: गाडीत भुसा निघाला आहे, परत घ्या. उत्तर आलं की आमच्या वर्कशॉपातून प्रत्येक गाडी तपासूनच बाहेर पडते, भुसा आपल्याकडच्या कुणा अडाणी माणसाने घातला असावा. बाई इतक्या चिडल्या की पत्र टेबलावर आपटलं. म्हणाल्या, "जोरदार लिही, शकू," आणि तेवढ्यात पिपरीहून बोलावणं आलं, बॅग उचलून त्या गेल्या.

बाईंची एक पद्धत होती. बोलावणं कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच पाच-सहा कोऱ्या लेटरपॅडवर खाली सही करून ठेवायच्या. वरचा मजकूर मी भरायचा. इतका विश्वास. मी कागद मशीनला लावला आणि बोटं सोडली. असं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. इंग्रजी वाक्यं एकामागून एक सुचत होती. 'अडाणी माणूस' शब्दाचा समाचार घेतला, बाळंतिणींच्या जिवाचं लिहिलं, आणि मग वाटलं, पुरावा पाहिजे. पुराव्याशिवाय पत्रात दम नाही. आणि मी लिहिलं की, आपल्याच वर्कशॉपमधले किसन मिस्त्री, राहणार केळझर, यांनी आमच्यासमोर गोळा खोलला आणि भुसा आपल्याकडचाच असल्याचं स्वतः सांगितलं.

मी विसरले होते असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. विसरले नव्हते. 'माह्यं नाव नको' हे मला आठवलं, पण तोवर ओळ टाइप झाली होती. कागद काढून दुसरा लावायला दहा मिनिटं लागली असती. पण टपाल चारला निघायचं, आणि पत्र इतकं सुंदर उतरलं होतं. एक खाडाखोड नाही. मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि पळत जाऊन टाकून आले.

आठव्या दिवशी शोरूमचा माणूस दुसरी गाडी घेऊन दारात हजर. एक शब्द न बोलता जुनी घेऊन गेला. बाई खूश. येईल त्या पेशंटला सांगायच्या, "आमच्या शकूच्या पत्राने एजन्सी नमली." मी तर त्यांच्याहून जास्त जणांना सांगितलं. क्लासातल्या मुलींना, आईला, शेजाऱ्यांना. पत्रात काय होतं ते बाईंनी कधी विचारलं नाही. कार्बन कॉपी फाइलला लागली आणि विषय संपला.

महिनाभराने आम्ही नव्या गाडीतून केळझरला गेलो. वार मंगळवार. एका विहिरीजवळ मिस्त्री पाण्याचं इंजिन खोलून बसले होते. बाईंनी गाडी थांबवली. "मिस्त्री, सुट्टीवर वाटतं?"

"सुट्टीच म्हना, बाई. लंबी."

"म्हणजे?"

"मालकाले वाटलं का माह्ये कान लय तेज झाले." हसले. मग उठून आमच्या गाडीला पेचकस लावला. "ही चांगली बोलून राह्यली. हिले ठेवा."

बाईंनी विचारलं, "आमच्यामुळे तर नाही ना काही?"

मिस्त्री पेचकस पुसत राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. "नाई, बाई. तुमचं नाव बी नाई निघालं."

मग चहा घेतल्याशिवाय जाऊ देईनात. घर म्हणजे एक खोली. भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या तिथे पांढरे चौकोन राहिले होते आणि मधोमध बुद्धाचा एकच फोटो. खुंटीला शाळेचं दप्तर. चहा कमलने आणला. दहावीत होती, म्हणजे नागपूरला असेपर्यंत. बाईंनी विचारलं, आता शाळा? तिने बापाकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "सध्या वावरात निंदाले जाते मायसंग." मी चहा न संपवताच कपबशी खाली ठेवली.

परतताना बाई म्हणाल्या, "शकू, आज चूप कशी काय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. पहिल्यांदाच कुणी मला बोल म्हणत होतं आणि मला येत नव्हतं.

पावसाळ्याआधी मिस्त्री दवाखान्यात आले. भिलाईकडे कारखान्याचं मोठं काम निघालं होतं, तिकडे मिस्त्री पाहिजे होते, अर्ज इंग्रजीत लागायचा. बाई बाहेर गेल्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही, मशीनजवळच उभे राहिले. नाव, गाव, सोळा वर्षांचं काम, सगळं टाइप केलं. मग एक रकाना आला. मी म्हटलं, "पहिली नोकरी का सोडली ते विचारतात."

ते मशीनकडे बघत म्हणाले, "लिहा, माय बिमार होती."

त्यांची आई कित्येक वर्षांपूर्वीच वारली होती, हे त्यांनीच त्या रविवारी गाडीजवळ सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लिहा, ताई," ते म्हणाले. "गाडीले खोटं बोलता येत नाई. मानसाले येते."

मी लिहिलं. लिहिताना त्यांनी एकदम हात वर केला. "थांबा. हिचा एक दात उडते." मला कळेना. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. आमच्या मशीनचा 'एस' ओळीच्या जरा वर उमटायचा, कित्येक महिन्यांपासून. मला ते दिसायचंच बंद झालं होतं. मिस्त्रींनी पेचकस मशीनच्या कडेला टेकवला, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "आता दाबा." मी 'एस' दाबत राहिले. मग त्यांनी खिशातली छोटी पक्कड काढली, तो बारका दांडा धरून केसभर वाकवला.

"दाबा."

'एस' इतर अक्षरांच्या रांगेत येऊन बसला.

"मले इंग्रजी वाचता येत नाई," मिस्त्री पक्कड खिशात ठेवत म्हणाले. "माह्यं नाव तेवढं वळखतो. मालकानं मले जे पत्तर दाखवलं, त्यातल्या माह्या नावात हा दात दोनदा उडलता."

मग ते थांबले. मूठ अजून कानाशीच होती, डोळे मिटलेले. मला माहीत होतं ते कशाची वाट पाहत आहेत. मी तोंड उघडलं. दिवसभर कावळ्यासारखी बडबडणारी मी, माझ्या घशात भुसा भरल्यासारखं झालं. बाहेर टांगा गेला. कंपाउंडरने बाटल्या विसळल्या. मिस्त्रींनी डोळे उघडले, पेचकस कमरेला खोचला.

"मशीन आता चांगली हाय," ते म्हणाले. "इतवारी दवाखाना बंद असते ना? कमलले बसू द्याल काय हिच्यावर?"

मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं.

त्यांना भिलाईला काम मिळालं. ते निघाले तेव्हा मी स्टेशनवर जायला हवं होतं, गेले नाही. तिकडून कमलला पत्र येतं, त्यात माझ्यासाठी एक ओळ असते, तब्येत बरी आहे ना म्हणून.

कमल दर रविवारी केळझरच्या सर्व्हिस मोटारीने येते. गप्प मुलगी आहे, बापासारखी, पण तिची बोटं माझ्याहून वेगाने चालणार आहेत, मला दिसतंय ते. क्लासातली पुस्तकं संपली, म्हणून आता मी तिला दवाखान्याच्या फाइलमधली पत्रं क्रमाने नकलायला देते. व्यवहारातलं इंग्रजी येतं त्याने. दर खेपेला चार-पाच पानं. मागच्या रविवारी तिने मान वर न करता विचारलं, "ताई, बाबांनं नागपूर काऊन सोडलं, तुमाले मालूम हाय काय? मायले सांगत नाई, मले बी नाई."

मी म्हटलं, पुढचं पान घे.

पुढच्या पानांत ते पत्र नव्हतं. कमल यायला लागली त्याच्या आदल्या दिवशी मी ते फाइलमधून काढून माझ्या पेटीत साडीखाली ठेवलं होतं. काल शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर मी ते बाहेर काढलं. कार्बन कॉपी आहे, शाई निळी, जरा पुसट, पण त्यांचं नाव नीट वाचता येतं, दोन्ही 'एस' वर उडालेले. मी ते त्याच्या तारखेच्या जागी परत लावलं. बाईंनाही सांगितलं की उद्या दुपारी दवाखान्यात या, एक वाचायचं आहे.

आता दहा वाजलेत. कमल आली आहे, मशीनचं झाकण काढून बसली आहे. तिच्यापुढे फाइल उघडी आहे आणि त्या पानाच्या आधी अजून तीन पत्रं आहेत. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आहे, आणि बोलत नाही.