दोघांत एक पिस्तूल

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर पुस्तकं, कात्री आणि जुनं एअर पिस्तूल मांडतात. आज ते पुसताना तेलाचा तोच वास आला आणि मी बाबांबरोबर देवासहून इंदूरला ते आणायला गेलो होतो, तो दिवस आठवला. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो.

नेमबाजीचं वेड आम्हा दोघांनाही, पण बाबांच्या मास्तरकीत दोन पिस्तुलं बसणारी नव्हती. दुकानदाराने स्वस्तातली दोन समोर ठेवली. "भिया, बेटे के लिए कि आपके लिए?"

"दोनों के लिए," बाबा म्हणाले.

एकाची मूठ लाकडी, चांगली रुंद. माझा जीव तिच्यावरच. बाबांच्या पंज्यात ती अशी बसली की दुकानदारही 'वा' म्हणाला. मग त्यांनी दोन्ही पिस्तुलं मला धरायला लावली, माझं बोट चापापर्यंत पोचतं का ते वाकून पाहिलं, आणि काळ्या प्लास्टिकच्या मुठीचं साधंच घेतलं. परतताना बसमध्ये मी रुसून त्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसलो.

पुढे परसात आम्ही आलटूनपालटून नेम धरायचो. बाबांचे छर्रे कायम कागदाच्या कडेला लागायचे.

"बाबा, तुम्हाला नाही जमायचं हं," मी हसायचो.

"अरे, उमर झाली आता," तेही हसायचे.

आज फूल वाहण्याआधी मी पिस्तूल सहज धरून पाहिलं. करंगळी मुठीवर मावेचना, बाहेरच लोंबत राहिली. माझा पंजा आता बाबांच्या पंज्याएवढा झाला आहे.