नाना टुंड्रा बघायला आले तेव्हा

मी मिरज सोडली तेव्हा फलाटावर एवढी माणसं जमली होती की स्टेशनमास्तरला वाटलं, कुणीतरी मंत्री आलाय. खोटं वाटत असेल तर मागे राहिलेल्यांनो, तुम्हीच आठवून बघा. निम्म्यांनी माझ्या गळ्यात हार घातले आणि उरलेल्यांनी परतताना काय काय आणायचं ते सांगितलं. आईच्या लोणच्याच्या बरण्यांमुळे तर विमान जर्मनीपर्यंत एका अंगावर कलून उडालं. माझे वडील, नाना, मात्र गर्दीच्या मागे, हाताची घडी घालून, वर्गात उभे राहत तसे उभे होते. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "उत्तरेकडे चाललायस. थंडीचं बघ." भूगोलाच्या मास्तरांचा निरोप याहून लांब नसतो.

ब्राउनश्वाइगला मी गिअर बनवणाऱ्या कंपनीत चिकटलो. लग्न झालं, सई झाली. तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्हाला इथला हिवाळा काय सांगायचा? नोव्हेंबरात सूर्य उरलाउब, म्हणजे पगारी रजा टाकतो आणि मार्चात परत येतो तोही आजारी चेहऱ्याने. मी मिरजेला फोनवर सांगायचो, मजेत आहे. मजेत आहे म्हणताना खिडकीबाहेर दुपारीच दिवे लागलेले असायचे.

मग आई गेली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात नानांना घेऊन आलो. व्हिसा तीन महिन्यांचा, पण माझ्या मनात डाव होता की यांना परत पाठवायचंच नाही. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परक्यांचे कागद बघणाऱ्या त्या कचेरीत, खेटे घालून जोडे झिजले तरी चालतील. रिकाम्या घरात एकट्याने कुकर लावणारे नाना मला डोळ्यांसमोर नको होते.

नानांनी तक्रार केली नाही. सकाळी बेकरीत जाऊन बोटाने पाव दाखवायचे आणि बाईने काहीही विचारलं तरी "जा, जा" म्हणायचे. जा म्हणजे हो, एवढी जर्मन त्यांना पुरायची. एकदा त्या जोरावर त्यांनी अख्खा केक घरी आणला. दुपारी सईला गोष्ट सांगायचे. तिला मराठी समजायची, पण प्रश्न विचारायची जर्मनमध्ये. नाना मान डोलवायचे आणि गोष्ट पुढे न्यायचे.

त्यांना रमवायला मी टुंड्रा काढला. या माणसाने मिरजेच्या दोन पिढ्यांना वेताच्या छडीने नकाशावर टुंड्रा दाखवला, आणि स्वतः नागपूरच्या वर कधी गेला नव्हता. म्हटलं, तिथे नेऊ, खूश करू आणि तिथेच विचारू. सईची शाळा होती, बायकोला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघेच निघालो. गाडी म्हणजे माझी जुनी कोंबी, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली मोटार. ती इतकी जुनी होती की चढ आला की आधी सुस्कारा टाकायची. डाव्या बाजूची काच खाली गेली की वर यायला नाही म्हणायची. बोटीतून समुद्र ओलांडला, स्वीडन लागलं, आणि झाडं सुरू झाली ती संपेचनात. नाना म्हणाले, "सूचिपर्णी." पुढे दिवसभर या शब्दात बदल करायची वेळ आली नाही.

वर वर जाऊ तशी वस्ती विरत गेली. डास चिमणीएवढे. एकाने माझी टोपी उचलून नेली, शपथेवर सांगतो. रेनडियर रस्त्याच्या मधोमध आपल्या म्हशींसारखे उभे, हॉर्नला भीक न घालता. पण आभाळ जे खाली आलं ते वर गेलंच नाही. मध्यान्ह आणि मध्यरात्र सारखीच राखाडी. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही हे नानांनी शिकवलं होतं. तो दिसतही नाही हे पुस्तकात नव्हतं. ते काचेला कपाळ टेकून बसायचे. एकदाच म्हणाले, "हिला दाखवायला हवं होतं." मी रेडिओची बटणं फिरवत राहिलो. त्यावर फक्त खरखर होती.

फिनलंडच्या वरच्या टोकाला सायलेन्सर निखळला आणि रस्त्यावर खडखडू लागला. सामानाला बांधलेली नायलॉनची दोरी सोडली आणि मी गाडीखाली शिरलो. बाहेर फक्त माझे पाय. तोंडाला विचारायला अवघड प्रश्न पायांना विचारणं सोपं जात असावं.

"मी राहिलो इकडेच, तुमच्याकडे, तर चालेल का रे?"

माझा डाव त्यांनीच खेळला होता. दात दोरीत अडकलेले, डोळ्यांत गंज, आणि आनंदाने मी ओरडलो, "जा, जा! गेनाऊ!" अगदी बरोबर, असं मला म्हणायचं होतं.

बाहेर आलो तर नाना शेवाळाकडे बघत उभे.

"बरं," ते म्हणाले. "जातो."

मी हसत सुटलो. म्हटलं, "नाना, ते जर्मन जा! बेकरीतलं तुमचं! राहा म्हणतोय मी, राहा."

"कळलं मला," नाना म्हणाले. "पोरीचं मी समजून होतो, ती इथली. पण मी मराठीत विचारलं आणि तुझ्या आतून कुठलं 'हो' आलं बघ. वाईट वाटून घेऊ नकोस. तू इथे पोचलास. मी या वयात पोचायचो नाही."

मग त्यांनी माझ्या कपाळावरचा गंज रुमालाने पुसला. मी तिथेच फार बोललो, डॉक्टर, वकील, व्हिसा, सगळं. आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, सगळ्या खपल्या. त्या दिवशी खरं बोललो ते मात्र खपलं नाही. परतीच्या वाटेवर ते मला झाडांची नावं सांगत होते.

पुढे ते मिरजेत काही वर्षं राहिले. रविवारी फोनवर हवामान विचारायचे. मग तेही गेले.

आता मी वर्षाआड मिरजेला जातो. शेजारचे काका किल्ली देतात आणि पाणी कधी येतं ते सांगतात, पाहुण्याला सांगावं तसं. माझ्याकडे इकडचा पासपोर्ट आहे, इकडे फ्लॅट आहे, तिकडे घर आहे. दोन्हीकडे राहायला कुणाची परवानगी लागत नाही. घर म्हणजे काय, तर 'मी राहू का' असं जिथे एखाद्याला विचारता येतं, ते. नानांना तेवढ्यापुरता मी होतो. मला असं विचारायला आता कुणी नाही. मी मिरजेत कुलूप उघडतो, पंखा लावतो आणि बॅग न उघडताच बसतो.