डोळ्यातले जांभळे ठिपके

डॉ. शैलाने या उद्योगनगरीला दृष्टी दिली, असं चिंचवडच्या शोकसभेत एकामागून एक वक्ते सांगत होते. खरं असणार. मला मात्र द्यायची राहिली. माझ्या डोळ्यावर खूण करून ती हात धुवायला आत गेली आणि बेसिनपाशी कोसळली...

आम्ही एकाच कंपनीच्या कॉलनीत वाढलो. क्रिकेटमध्ये अंपायर म्हणून तिलाच उभं करायचे, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. पुढे तिने दापोडीत डोळ्यांचा छोटा दवाखाना काढला. कारखान्यांतली पोरं डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन यायची. कण काढून झाला की ही विचारायची, "गॉगल कुठाय?" "खिशात आहे, मॅडम." "मग डोळाही खिशातच ठेवायचा होता!"

माझा मोतीबिंदू तिनेच काढायचा, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती डोळा देणार नव्हतो. त्यात मला तिरका नंबर, म्हणजे भिंगही विशिष्ट कोनातच बसवायला हवं. त्या सकाळी तिने मला स्टुलावर ताठ बसवलं.

"समोर बघ. हनुवटी खाली घे, सत्काराला बसलायस का?"

"खूण कशाला? डोळा काय पळून जाणार आहे?"

"आडवा झालास की डोळा खोबणीत जरासा फिरतो. म्हणून बसूनच खूण करायची. नाहीतर भिंग वाकडं बसेल आणि जन्मभर माझ्या नावाने खडे फोडशील."

मनगट माझ्या गालाला टेकवून तिने बुबुळाच्या दोन्ही कडांना शाईचे ठिपके दिले. "चोळू नकोस. रडू तर अजिबात नकोस, शाई जाते."

मग आतला नळ बराच वेळ वाहत राहिला. आधी सिस्टर आत धावली, मग सगळेच. मी हिरव्या टोपीत तसाच स्टुलावर. औषधाने बाहुली पसरलेली, त्यामुळे त्या डोळ्याला नुसता पांढरा झोत दिसत होता. स्ट्रेचर गेलं तेव्हाही मी सरळ समोर बघत होतो. बघ म्हणणारी गेली, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. बाहेर आलो तर नंबर लावून बसलेल्या महाळुंग्याच्या एका आजींनी माझी टोपी बघून मलाच विचारलं, "डाक्टर, म्याडम बऱ्या हायेत न्हवं?"

"मी पेशंट आहे, आजी."

त्यांनी पदर सावरला. मग हळूच म्हणाल्या, "आता आपलं कोन करनार वो?"

मलाही तेच विचारायचं होतं. पण कुणाला विचारणार?

संध्याकाळी आरशात पाहिलं. ठिपके जागेवर होते. मी तोंड धुतलं नाही. ठिपके टिकवून काय साधणार होतो, कोण जाणे. अंत्यसंस्कार विद्युतदाहिनीत झाले, त्यामुळे धुराचं निमित्तही मिळालं नाही... घरी येईपर्यंत डोळा साफ झाला होता.

पुढचे काही आठवडे मी बाणेदारपणे आंधळा राहिलो. तिच्या नवऱ्याने, माधवने, एकदा फोन केला. "तू कुणासाठी थांबलायस? ती असती तर तुला दारातून हाकललं असतं." मग तिच्याच जागी आलेल्या तरुण डॉक्टरसमोर जाऊन बसलो. त्याने सगळं पुन्हा मोजलं, पुन्हा खूण केली. भिंग नीट बसलं.

परवा तपासणीला गेलो तेव्हा रस्त्याच्या पलीकडूनच, चष्म्याशिवाय, दवाखान्याची पाटी वाचता आली. तिचं नाव अजून काढलेलं नाही. मी फुटपाथवर उभाच राहिलो. नावाखाली लिहिलंय, वेळ सकाळी दहा ते एक.

ती कधीच अकराच्या आत यायची नाही.