एकाच ताटापुरतं पुस्तक

दादा सोफ्यावर पाय पसरून आहारावरचं नवं पुस्तक मोठ्यानं वाचत होता. आत वहिनी त्याच्यासाठी नाचणीची भाकरी थापत होती. "ऐकतेस ना? शिळं खाऊ नये!" तो ओरडला. "ऐकतेय," म्हणत वहिनीनं ओट्याशी उभ्यानंच रात्रीचा भात तोंडात घातला.

माझं डोकंच फिरलं. पुस्तकावर राग नाही माझा. शहाणं पुस्तक आहे ते. पण आपल्याकडे असली पुस्तकं एकाच ताटापुरती वाचतात, आणि घरात उरलेलं सगळं एकीच्याच पोटात जातं.

"दादा, वहिनीला गोळ्या कसल्या चालू आहेत रे?" मी विचारलं.

त्यानं पान उलटलं. "मला काय माहीत? तिलाच विचार."