पुलाच्या तोंडाशी गाडी बदला

आमच्या कंडक्टरला सगळे मास्तर म्हणतात. मी त्यांचा ड्रायव्हर. गाडी एकच, पण आमचं बोलणं घंटीपुरतं: एक ठोका थांब, दोन ठोके चल. माझा स्वभाव तिरसट, हे मलाही ठाऊक आहे, त्यामुळे मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे, फारसं नाही.

मास्तर बोलायचे ते पुलापाशी. पुलाच्या अलीकडे आमचं शहर, पलीकडे दुसरं. आमच्या गाडीला पूल ओलांडायची परवानगी नाही. पलीकडची गाडी तेवढी पूल ओलांडून थांब्यापर्यंत यायची आणि तिथूनच माघारी वळायची. उतारू पिशव्या, पोरं सांभाळत या गाडीतून त्या गाडीत चढायचे. समोरची गाडी आल्याशिवाय निघायचं नाही, असा दोन्हीकडचा नियम. त्या खोळंब्यात मास्तर फ्लास्कमधला चहा दोन पेल्यांत ओतायचे. एक स्वतःला, एक पलीकडच्या कंडक्टरला. मला विचारत नसत. एकदा विचारलं होतं, तेव्हा मीच खेकसलो होतो, की मला साखर चालत नाही.

मास्तरांची बायको वारली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. घर खायला उठतं म्हणून हा माणूस सुट्टीच्या दिवशीही डेपोत येऊन बसायचा. नळ गळतोय, दूध उतू गेलं, मुलीचा फोन आला, असलं सगळं ते साठवून ठेवायचे आणि पुलापाशी रितं करायचे. पलीकडचा 'हो का, हो का' करत चहा प्यायचा. मी आरशातून बघायचो.

मग दोन्ही शहरं एक करायची टूम निघाली. आमच्या गाडीत तर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. कोणी म्हणे पाणी चोवीस तास येईल, कोणी म्हणे आहे तेही जाईल. नव्या शहराचं नाव काय ठेवायचं यावरून दोन आजोबा पोर जन्मायच्या आधीच बारशाचं भांडण भांडले. मास्तर आपले तिकिटं फाडत असायचे. शहरं एक झाली की गाडी सरळ जाणार आणि पुलाचा थांबा बंद होणार, एवढंच त्यांना कळलं होतं.

लोकांचं मत ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बोलणाऱ्यांत त्यांनी नाव दिलं होतं. "विरोध करणार आहे," ते मला म्हणाले, "थांबा राहिलाच पाहिजे."

त्यांच्या आधी पलीकडच्या कंडक्टरची पाळी आली. तो माइक धरून म्हणाला, "करून टाका एकदाचं! म्हाताऱ्या बायकांचे गुडघे जातात चढउतार करून. आणि आमचं काय विचारता? उभं राहून राहून जीव विटतो. वेळ जात नाही, मग जो भेटेल त्याचं ऐकत बसावं लागतं." लोक हसले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

मास्तरांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले, घसा खाकरला. "हे म्हणाले ते बरोबर आहे," ते म्हणाले. "करून टाका." आणि खाली येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पुलापाशी पलीकडच्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "काल साथ दिलीत, बरं केलंत! सुटलो की हो आपण दोघं."

"हो, सुटलो," मास्तर म्हणाले आणि त्याचा पेला भरला.

परतीच्या फेरीला गाडी जवळजवळ रिकामी होती. मास्तर पुढे येऊन माझ्या पाठीमागच्या सीटवर बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

नेहमीसारखं खेकसायला तोंड उघडलं होतं. सिग्नल लागला, गाडी थांबवली.

"कोणी नाही," मी म्हणालो.