पुआलूची साखळी

जहाजाची माणसं किनाऱ्यावर उतरायला लागली की एनोक कॉफीचा मग घेऊन आपल्या पायरीवर येऊन बसायचा. त्याला त्या माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि तिटकारा करायची संधी फुकट घालवणारा तो नव्हता.

आमच्या नुगार्सुकात उन्हाळ्यात दुसरी करमणूक तरी काय? बर्फ फुटून खाडी मोकळी झाली की ते बुटकं पांढरं जहाज खाडीच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं. त्यातून रबरी होड्या सुटायच्या आणि होड्यांतून पिवळी जाकिटं उतरायची. सगळ्यांची एकसारखी, कंपनीनं दिलेली. पिकल्या केसांची माणसं, पण गणवेशात. उतरलं की काठ्या लांब करायच्या आणि धक्क्यापासून दुकानापर्यंतच्या सपाट रस्त्यावर डोंगर चढल्यासारखं चालायचं. याला म्हणे मोहीम म्हणतात. मोहिमेत हाती काय लागायचं, तर एनोकच्या शेजारणीनं, बोलेथनं, वाळत घातलेल्या चड्ड्यांचे फोटो. कुणी मारून आणलेला सील फाडायला घेतला की नाकाला रुमाल लावायचा, पण डोळे काही हलवायचे नाहीत. आणि प्रश्न तर विचारूच नका. हिवाळ्यातही तुम्ही इथंच राहता का, असं विचारायचे. नाही, हिवाळ्यात आम्हाला पेटीत घालून ठेवतात.

एनोकची भाची इवालू याच जहाजावर कामाला होती. राजधानीत, नूकला शिकून आली, दोन-तीन भाषा बोलायला लागली, आणि उन्हाळाभर या लोकांना घेऊन गावोगाव फिरायची. त्यांना आमच्याबद्दल सांगायचं आणि आम्हाला त्यांच्याबद्दल, असं तिचं काम. बोलणी दोन्हीकडची खायची.

"तुझ्या या पाहुण्यांना बूट तरी आपले आपण घालता येतात का गं?" एनोक तिला भर रस्त्यात विचारायचा.

"मामा, हळू. ऐकतात ते."

"ऐकू दे की. कळतंय कुठं?"

आणि पायरीवर बसलेली चार टाळकी हसायची. एनोकच्या जिभेला अशी धार होती, आणि ती फक्त पाहुण्यांसाठी नव्हती. दुकानातून गोठवलेली कोंबडी आणणाऱ्याला तो विचारायचा, "पाठलाग फार करावा लागला का?" कुत्र्यांनी ओढायची स्लेज विकून बर्फावरची मोटार घेणाऱ्याला म्हणायचा, "रस्ता चुकलास तर तिलाच विचार हो घर कुठंय ते." साठी उलटली होती, बायको रेगीना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. होती ती कुत्री. हिवाळ्यात त्यांना स्लेजला जुंपून तो बर्फावर जायचा, भोक पाडून खोल पाण्यातले चपटे मासे काढायचा आणि त्यावर जगायचा.

त्या कुत्र्यांची म्होरकी पुआलू. आमच्याकडे पुआलू म्हणजे हातमोजा. पिल्लू असताना ती त्याच्या मोज्यात झोपायची, म्हणून ते नाव. पुढं अशी निघाली की गावात तिच्या तोडीची कुत्री नव्हती. एकदा धुक्यात ती मध्येच आडवी पडली आणि उठेचना. एनोकनं शिव्या दिल्या, चाबूक वाजवला, ती ढिम्म. शेवटी तो स्वतः चालत पुढं गेला, तर हातभर अंतरावर बर्फ काळं पडलेलं होतं, खाली नुसतं पाणी. त्या दिवसापासून बर्फावर एनोक तिचं ऐकायचा. दुसऱ्या कुणाचं ऐकल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. गुडघे गेलेला म्हातारा, नवी म्होरकी तयार करायला आता त्याच्याकडे ना पाय होते ना वर्षं. पुआलू होती तोवर त्याला हिवाळा होता.

एनोकचं अजून एक काम होतं, आणि त्यासाठी गाव त्याला घाबरायचं. सुटलेलं कुत्रं मारायचं काम.

त्याचं असं झालं. इवालूला एक धाकटी बहीण होती, निवी. चालायला शिकून फार दिवस झाले नव्हते. त्या काळी गावात मोठी कुत्री मोकळी फिरायची. आज बांधू, उद्या बांधू, असं चालायचं. एका सकाळी निवी एकटी गावाबाहेरच्या खडकाकडे गेली. कुत्र्यांनी तिला पाडलं. एनोक पोचला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आपल्या अंगरख्यात गुंडाळून तिला घेऊन तो बहिणीच्या दारात उभा राहिला. गाव रडलं, पाद्री बोलला, आणि ठरलं की पिल्लांनी खुशाल मोकळं हुंदडावं, पण दात पक्के झाले की साखळी. मोठं कुत्रं सुटलेलं दिसलं की गोळी. गोळी घालायची कुणी, म्हटल्यावर सगळे बुटांकडे बघायला लागले. एनोकनं बंदूक उचलली.

मग आमचे शूर गावकरी. निवीसाठी ढसाढसा रडलेली माणसं आपल्या कुत्र्यावर पाळी आली की नियमात फट शोधायची. कुणी म्हणायचं कडी जुनी होती, कुणी म्हणायचं पोरांनी खोडी केली. बोलेथचं तर कुत्रं साखळीची कडी झिजून सुटलं होतं आणि आपणहून घरी आलं होतं. तिनं त्याला गळपट्ट्याला धरून एनोकसमोर आणलं.

"बघ, कसं गरीब उभं आहे. कुणाच्या वाटेला गेलं नाही रे."

"का सुटलं हे मी विचारत नाही, बोलेथ," एनोक म्हणाला. "सुटलं की सुटलं. बाजूला हो."

तेव्हापासून बोलेथ त्याच्याशी बोलत नव्हती. भिंतीला भिंत लागून घरं, पण एकीच्या चुलीवरची कॉफी दुसऱ्याच्या घरात गेली नाही.

मी सांगतोय त्या वर्षी वसंतात इवालू घरी आली होती तेव्हा एक गोष्ट बोलली होती. जहाजं वाढणार आहेत, कुत्री बांधतो त्या खडकाशी एक पाटी लावू या, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये. जवळ जाऊ नका, साखळीला हात लावू नका.

एनोक हसून हसून खोकला. "साखळीला हात लावू नका? अगं, कोण लावणार? माणूस ना तो? बांधलेलं कुत्रं कुणी सोडतं का?"

"त्यांना माहीत नसतं, मामा."

"मग समुद्राकाठी पण पाटी लाव. म्हणावं, हा ओला असतो."

पायरीवरची टाळकी हसली. हे वाक्य नंतर महिनाभर गावात फिरत होतं. इवालूनं विषय सोडून दिला.

तर त्या दिवशी जहाज आलं. स्वच्छ ऊन पडलं होतं, वारा नव्हता, डासांनी उच्छाद मांडला होता. पाहुण्यांनी डोक्यावरून जाळ्या ओढल्या होत्या, त्यामुळे एकेकाचं तोंड पिशवीत घातल्यासारखं दिसत होतं. चर्चमध्ये गाणं झालं, शाळेत कॉफी आणि केक झाला. आमच्याकडे कॉफीला गेलं की खायचं, प्यायचं आणि पुढच्याला जागा करून द्यायची. हे लोक बसले ते बसलेच. मग शाळेपुढं गावाची पोरं आणि जहाजाची माणसं यांचा फुटबॉल सुरू झाला.

एनोक पायरीवर बसून एका गोलकीपरची टिंगल करत होता, तेवढ्यात घरांमधून पुआलू धावत आली. शेपूट वर, जीभ बाहेर, सरळ त्याच्याकडे. खेळणाऱ्या पोरांच्या मधून आली, एकालाही शिवली नाही. त्याच्या गुडघ्यांवर पंजे टाकून उभी राहिली.

क्षणभर एनोकचा चेहरा फुलला. मग त्यानं तिच्या मानेला हात घातला. गळपट्टा शाबूत होता. कडी तुटलेली नव्हती. कुणीतरी हातानं उघडली होती.

फुटबॉल थांबला. आमच्या बायांनी पोरं उचलून घरात नेली. पिवळ्या जाकिटांना वाटलं, सामना संपला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

इवालू खडकाकडून धापा टाकत आली. तिच्या मागून एक उंच बाई येत होती, आखूड पांढरे केस, हातात काठी, चेहऱ्यावर एखादं सत्कृत्य केल्याचं समाधान.

"मामा, या बाईंनी सोडलं. कुत्रं उन्हात रडत होतं म्हणतात. वाटीत पाणीही नव्हतं म्हणतात. त्यांना काही ठाऊक नाही रे."

पुआलू त्याचा हात चाटत होती.

"चूक तुझी नाही, पुआलूची नाही. बांधून टाक परत. कोण काय म्हणणार आहे?" इवालूनं आवाज खाली आणला. "आणि नसेलच बांधायचं, तर निदान हे लोक जाईपर्यंत थांब. यांच्यासमोर नको."

"यांच्यासाठी थांबू?"

"माझ्यासाठी थांब."

एनोकनं वर बघितलं तर बोलेथ आपल्या दारात उभी होती. हात पिठानं भरलेले. सगळं गाव तिच्याकडेच बघत होतं, कारण बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो तिला होता. ती काय सुनावते याची टाळकी वाट बघत होती. काहींना तर मजाच बघायची होती, खोटं कशाला बोला.

"राहू दे, एनोक," बोलेथ म्हणाली. "बांध तिला. मी काही बोलायची नाही. कुणी बोललं तर त्याला मी बघून घेते."

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर एनोकला सोपं गेलं असतं, शिव्यांना उत्तर द्यायला तो कधी कमी पडला नव्हता. तो तिच्या पिठाच्या हातांकडे बघत राहिला. आता पुआलूला बांधलं तर बोलेथचं कुत्रं मग कशासाठी मेलं? आणि बाकीची सगळी? आणि पुढच्या खेपेला कुणी कुत्र्याला गळपट्ट्याला धरून समोर आणलं, तर काय तोंडानं म्हणायचं बाजूला हो?

तो घरात गेला आणि बंदूक घेऊन बाहेर आला. पुआलू उड्या मारायला लागली. बंदूक म्हणजे स्लेज, बंदूक म्हणजे बर्फ, एवढंच तिला ठाऊक. तो तिला हळू आवाजात हाक मारत मासे सुकवायच्या मांडवामागं चालत गेला, आणि ती त्याच्या पुढं पुढं गेली, म्होरकी होती ना ती.

एकच आवाज आला. धक्क्यावरच्या एका पाहुण्यानं उत्साहानं विचारलं, शिकार मिळाली का? काय बोलणार अशा माणसाशी.

एनोक परत आला तेव्हा त्याच्या हातात गळपट्टा होता. उंच बाईच्या आता लक्षात आलं. तिचं तोंड पांढरं पडलं, ती रडायला लागली, काठी हातातून पडली. रडत रडत ती इवालूशी भराभरा काही बोलली. तिचं रडणं खरं होतं, हे आमच्यातल्या खवचटातल्या खवचट माणसालाही मान्य करावं लागलं.

"काय म्हणते?" एनोकनं विचारलं.

"माफी मागते."

"एवढं लांबलचक?"

इवालूनं त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग, पोरी."

"विचारते, तिथं पाटी का नव्हती," इवालू म्हणाली. "म्हणते, एक पाटी असती तर मी हात लावला नसता."

एनोकनं तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो. अशा बाईला तो असं काही ऐकवेल की तिची सात पिढ्यांची खोड मोडेल, अशी खात्री होती आमची. त्याचे ओठ हलले. आणि मग त्यानं तोंड मिटलं. गळपट्टा खिशात घातला आणि त्या बाईची पडलेली काठी उचलून तिच्या हातात दिली.

जहाज संध्याकाळी गेलं. इवालूनं पुढच्या होडीनं येते असं कळवलं आणि मागं राहिली. एनोक मांडवाजवळ एक फळी रंधत बसला होता. फळी झाली तशी त्यानं ती तिच्यापुढं सरकवली, रंगाचा डबा ठेवला.

"लिही, तुझ्या त्या भाषांमध्ये."

"काय लिहू?"

"वसंतात तू सांगत होतीस तेच."

तिनं लिहिलं. रंग वाळेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली. बोलेथ कॉफी घेऊन आली, तीन कप ठेवले आणि स्वतःही बसली. मग एनोकनं फळी खांद्यावर घेतली आणि पुआलूची साखळी ज्या खुंट्याला होती त्याच खुंट्याला ती ठोकली. ठोकताना बाकीची कुत्री विव्हळत होती. म्होरकीशिवाय त्यांना जुंपायचं कसं हा प्रश्न हिवाळ्यात पडायचाच होता. पडला, आणि गावातल्या त्याच्या पुतण्यांनी ती कुत्री वाटून नेली.

आता जहाजाची माणसं येतात ती सगळ्यात जास्त फोटो त्या पाटीचे काढतात. पाटीशेजारी उभं राहून काढतात, हसून काढतात, अंगठे वर करून काढतात. साखळीला मात्र कुणी हात लावत नाही. एनोक अजूनही मग घेऊन पायरीवर येऊन बसतो. पण पायरीवरच्या कुणी त्या पिवळ्या जाकिटांची टवाळी सुरू केली, की तो मग उचलतो आणि आत निघून जातो.