खाच नसलेला शिक्का

तोक्योतल्या त्या गल्लीत आता दोनच दुकानं उघडत होती. एक कुरामोचींचं, सहीऐवजी उठवायचे नावाचे शिक्के कोरण्याचं, आणि समोर इसोगाईबाईंचं, लोणच्यांचं. बाकीच्यांनी बिल्डरच्या संमतिपत्रावर आपापले शिक्के उठवून केव्हाच काढता पाय घेतला होता. इसोगाईबाईंचाही शिक्का झाला होता. अडून बसले होते ते एकटे कुरामोची, आणि त्यांच्यावाचून कुणाचाच व्यवहार पुरा होणार नव्हता.

म्हातारा होताच तसा हेकट. इतर कारागीर शिक्क्याच्या कडेला छोटी खाच पाडतात. बोटाला ती लागली की वरची बाजू कळते आणि न बघताही ठसा सरळ उठतो. हे खाच पाडायचेच नाहीत. "मारण्याआधी माणसानं उलटून बघावं. तेवढ्यात मन बदललं तर बदललं," म्हणायचे. गिऱ्हाइकं कुरकुरत, पण येत. आता कचेऱ्यांचं शिक्क्यांवाचून भागू लागलं होतं. तरुण मंडळी येत, तयार शिक्क्यांच्या फिरत्या मांडणीवर आपलं आडनाव शोधत, फोटो काढत आणि जात.

बायको फुमिए जाऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी इसोगाईबाई लोणच्याची पिंपं बाहेर मांडताना "गारठा आहे" म्हणत, हे "आहे" म्हणत. कित्येक दिवस तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं होई. बिल्डरच्या माणसाला ते वडिलांच्या दुकानाचा जिव्हाळा सांगत. खरं म्हणजे इथून गेल्यावर ते "आहे" कुणाला म्हणायचं, याचीच त्यांना भीती वाटत होती.

त्या दिवशी दुपारी बाई स्वतःच आल्या. एका हातात मुळ्याच्या लोणच्याचा डबा, दुसऱ्या हातात बिल्डरकडून आणलेला कागद.

"अहो शिक्केवाले, मुलगी मला तिकडे सेंदाईला राहायला बोलावतेय. खोली रिकामी करून ठेवलीय तिनं. किती ताटकळवाल?"

"तिथं तुमचं लोणचं कोण खाणार?"

"इथं तरी कोण खातंय? तुम्ही. तेही फुकट!"

दोघंही हसले. मग कुरामोचींनी खणातून आपला शिक्का काढला. उलटून पाहिला. फिरवला, पुन्हा पाहिला. पंचावन्न वर्षं उलटी अक्षरं कोरणारा माणूस, पण शिक्का काही कागदाकडे जाईना.

"स्वतः कोरलाय ना? तरी वरची बाजू सापडेना?" बाई म्हणाल्या.

"सापडली केव्हाच. तुम्ही 'राहू द्या' म्हणताय का, ते बघत होतो."

बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. ते बसलेलंच होतं.

"म्हटलं असतं हो," त्या हळूच म्हणाल्या, "पण तुम्ही खरंच राहू दिलं असतं."

कुरामोचींनी शिक्का लाल शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. ठसा अगदी सरळ उठला.